राहिलेला ठोका

दिवा जरा इकडे ओढा आणि त्या खिडकीला कडी घाला. नाही हो, घाबरायचं काही नाही. वारा आला की मला बोलायला त्रास होतो, म्हणून म्हणतोय. आणि आधीच सांगून ठेवतो, गोष्ट रात्रीची नाही. भर दुपारची आहे. बाहेर रस्त्यावर लोक घाम पुसत बसची वाट बघत उभे होते, तेव्हा हे घडलं. जे काही होतं ते अंधारातच होतं असं ज्याला वाटतं, त्याने खुशाल दिवा लावून झोपावं. माझं काही म्हणणं नाही.

काम तसं साधं होतं. गडगड्याला त्याच्या ताईला घेऊन स्टुडिओत जायचं होतं आणि एका जुन्या गाण्यावर ड्रम वाजवून यायचं होतं. बस्स. येताना ताईच्या चष्म्याची मोडलेली काडी बसवून घ्यायची, असंही दोघांनी ठरवलं होतं.

गडगड्या हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. त्या शहरात पूर्वी तिघांचा एक रॉक बँड होता, त्यात हा ड्रमवर बसायचा, म्हणून गडगड्या. गिटारवर ह्याचा धाकटा भाऊ. तो बोटं अशी चालवायचा की लोक त्याला ठिणगी म्हणायचे. आणि बेसवर ताईचा नवरा, म्हणजे ह्या दोघांचे भाऊजी. उंचच्या उंच, अबोल माणूस. स्टेजवर एका जागी उभे राहिले की कार्यक्रम संपेपर्यंत हलायचे नाहीत, म्हणून त्यांचं नाव खांब. सगळा घरचाच कारभार. ताई दारावर तिकिटं फाडायची आणि आत येऊन भावाभावांची भांडणं सोडवायची.

ठिणगीचं नाव पुष्कळ झालं. तेव्हाही वाद्यांच्या दुकानात कुणी गिटार चाचपून बघायला घेतली, की आधी ठिणगीच्या त्या गाजलेल्या गाण्याची सुरुवात वाजवून बघायचा. आणि चुकायचा. त्या सुरुवातीच्याच शेवटाकडे बोटं अशी वळवावी लागायची की भल्याभल्यांना घाम फुटायचा. दुकानदार वैतागून म्हणायचा, "अरे, दुसरं काही येतं की नाही तुम्हाला?" पण त्यालाही ते ऐकायला आवडायचं. माणूस जाऊन इतकी वर्षं झाली तरी त्याची बोटं लोकांच्या हातांत शिल्लक होती, हे काय कमी होतं?

भाऊजींचं तसं नव्हतं. बेस लोकांना ऐकू येतो, पण कळत नाही. घरातला फ्रिज बंद पडल्यावर जशी त्याची आठवण होते, तसं असतं ते. भाऊजींकडे कुणी कधी सही मागितली नाही. पण एकदा तापामुळे ते आले नव्हते, तर ठिणगी अर्ध्या गाण्यात थांबला आणि माईकवर म्हणाला, "पायाखाली काही नाही हो, मी पडेन." लोक हसले. ताई हसली नाही. ती म्हणायची, "मी ह्यांना कानांनी ऐकतच नाही, पोटात ऐकते."

दोघं एकाच वेळी गेले. बाहेरगावचा कार्यक्रम संपला आणि ते गाडीतून पुढे निघाले. ड्रमवाला नेहमी मागे राहतो. गिटार काय, पेटीत टाकली की झालं. ड्रमचा एकेक स्क्रू सोडवत बसावं लागतं. गडगड्या स्क्रू सोडवत होता, तेव्हा गाडी वळणावरून दरीत गेली. ह्यावर मी जास्त बोलत नाही. गडगड्याही बोलत नाही.

त्यानंतर त्याने लग्न केलं नाही, दुसऱ्या कुणाच्या बँडमध्ये गेला नाही. शाळेत मुलांना ताल शिकवला, पोटापुरतं कमावलं, मनगटं दुखायला लागली तेव्हा तेही सोडलं. कुणी विचारलं, कसं चाललंय, की म्हणायचा, "चाललंय. तिकडे दोघं ताटकळलेत. माझ्याशिवाय ड्रमवर बसणार कोण?" लोकांना ती थट्टा वाटायची. थट्टा नव्हती ती. तो माणूस ह्या एका आशेवर सकाळी उठून दात घासायचा. एक ना एक दिवस आपण तिकडे जाऊ, आपली जागा रिकामी असेल, दोघं मागे वळून बघतील आणि ठिणगी म्हणेल, "दादा, किती उशीर!" बाकी त्याला ह्या जगाकडून काही नको होतं.

आता स्टुडिओचं सांगतो. त्या शहराच्या रेडिओवर दर वर्षी एका संध्याकाळी, जे गिटारवाले आणि बेसवाले आता नाहीत त्यांची गाणी लावतात. निवेदक दोन शब्द बोलतो, लोक घरोघरी ऐकतात, जुनी माणसं डोळे पुसतात. त्या वर्षी स्टुडिओच्या अडगळीत ह्या तिघांच्या शेवटच्या गाण्याचं रीळ सापडलं. कधीच बाहेर न आलेलं गाणं. दोघं गेले त्याच्या आदल्याच दिवशी वाजवलेलं. तेच त्या संध्याकाळी लावायचं ठरलं.

त्या गाण्याला शेवट नव्हता. कसं ते ऐका. तिघांचा एक नियम होता. गाणं संपवायचं ते गडगड्याने. तो झांजेवर शेवटचा ठोका देईल तेव्हा थांबायचं, तोवर दोघांनी वाजवत राहायचं, मग बोटं फुटली तरी बेहत्तर. एकदा ह्याने गंमत म्हणून ठोका लांबवत लांबवत नेला. ठिणगीच्या बोटांतून रक्त यायला लागलं, पण पठ्ठ्या थांबला नाही. स्टेजवरून उतरल्यावर मात्र दादाला अशा शिव्या घातल्या की ताईने कानांवर हात ठेवले. तर त्या शेवटच्या गाण्याला ठोका द्यायचा राहिलाच होता. वाजवता वाजवता रीळ संपलं. रेकॉर्डिस्टने काचेतून हात हलवला, तिघं हसत हसत उठले, आणि शेवट परत आल्यावर करू असं ठरलं. परत कोण येणार होतं?

तर त्या दुपारी दोघं बहीणभाऊ स्टुडिओत पोचले. जमिनीखालची जागा. पूर्वी तिथे बर्फाचं गोदाम होतं म्हणे. भिंती हातभर जाड आणि त्यांवर गादीसारखं अस्तर. दार लावलं की बाहेरचा आवाज कापल्यासारखा थांबतो. मग आपल्याच छातीतली धडधड ऐकू यायला लागते. आत एक कसलातरी वास कोंडला होता. वितळलेल्या मेणाचा आणि जुन्या चपलांचा मिळून येईल तसा.

"टेपचा वास आहे, काका," तिथली रेकॉर्डिस्ट म्हणाली. तरुण मुलगी, तोंडाने फटकळ, पण कामात चोख. "जुनी टेप चिकट होते. वाजवायच्या आधी मंद आचेवर भाजून घ्यावी लागते."

"भाजून? पाव आहे का तो?" गडगड्या म्हणाला.

"पावापेक्षा नाजूक. एकदाच वाजते, नंतर तिची भुकटी होते. ही झालीसुद्धा. पण मी सगळं कॉम्प्युटरवर उतरवून घेतलंय." तिने पडद्याकडे बोट केलं. "टेपचे काठ आधी खराब होतात. तुमचे ड्रम काठावर होते, ते गेले. गिटार आणि बेस मधे होते. ते अगदी काल वाजवल्यासारखे आहेत."

"म्हणजे गेलेले आहेत आणि जिवंत आहे तो गेला," ताई म्हणाली. तिला हसायचं होतं, पण ते काही जमलं नाही.

मुलीने खुर्ची पुढे ओढली. "म्हणूनच बोलावलं तुम्हाला. तुम्ही ड्रम परत वाजवा, मी जोडते. आणि शेवट... तो तेवढा तुम्ही बघा. मला सापडत नाहीये."

"रीळ संपलं तिथे संपलं असेल की."

"काका, हसू नका हं." तिने आवाज खाली आणला. "रीळ संपलं. टेपचं शेपूट सुटून मशीनवर फटफट आपटत होतं, मी स्वतःच्या डोळ्यांनी बघत होते. आणि तरी आवाज मोजणारे काटे हलत होते. गिटारचाही, बेसचाही. मला वाटलं मशीन बिघडलं. वायर उपटली मी. तरीसुद्धा... बरंच पुढे चालू होतं. शेवटी मीच उठून बाहेर गेले."

गडगड्याने ताईकडे पाहिलं. ताई काचेपलीकडच्या रिकाम्या खोलीकडे बघत होती. तिथे ड्रम मांडून ठेवले होते, वर एकच पिवळा दिवा. "जा," ती म्हणाली. "मला ऐकायचंय."

तो आत जाऊन बसला, कानांवर हेडफोन चढवले. दार बंद झालं. त्या खोलीतली शांतता कानांवर दाबून बसली. थोड्या वेळाने हेडफोनमध्ये खरखर आली आणि त्या खरखरीत कुणीतरी घसा खाकरला.

भाऊजी. गाणं सुरू व्हायच्या आधी ते हमखास घसा खाकरायचे. गडगड्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. ते पुसायलाही त्याला वेळ मिळाला नाही, कारण ठिणगीने गिटार छेडली, आणि हातांनी आपोआप काठ्या उचलल्या.

काय सांगू तुम्हाला! सुरुवातीला नुसतं सुख होतं हो. मनगटं दुखायची थांबली. खाली भाऊजींचा बेस, त्याच्यावर स्वतःचा पाय, आणि वर तो पोरगा नाचतोय. काचेमागे ताईने दोन्ही तळहात स्पीकरवर टेकवले होते आणि डोळे मिटून घेतले होते. इतक्या वर्षांत तिचा चेहरा एवढा मोकळा झालेला त्याने पाहिला नव्हता. आपण इतके दिवस कसे जगलो ह्याच्याशिवाय, असं त्याला वाटलं आणि भडभडून आलं.

मग त्याचा डावा हात आखडला. वय झालं होतं, दुसरं काय. लय किंचित मंदावली. त्याला वाटलं, आता चुकलं, उतरवलेलं गाणं काही आपल्यासाठी थांबत नाही. पण बेसही मंदावला. गिटारही मंदावली.

नसेल तसं, म्हणून त्याने मुद्दाम एक ठोका गाळला. दोघंही तेवढा वेळ अडखळले, आणि त्याने पुढचा ठोका देताच त्याच्याबरोबर पडले. जसे नेहमी पडायचे. जसे ते दोघं त्याच्या खांद्यांकडे बघत वाजवायचे, तसेच.

ते ऐकत होते. पलीकडून.

रीळ जिथे संपलं होतं ती जागा आली. गडगड्याला ती चांगली आठवत होती. तिथेच तिघं हसत हसत उठले होते. ती जागा गेली. गाणं चालूच. आणि तिथून पुढे ते बदलत गेलं. गिटारची एक तार तुटल्याचा आवाज आला. ठिणगी उरलेल्या तारांवर वाजवत राहिला. थोड्या वेळाने दुसरी तुटली. बेसचे सूर जाड, बोथट व्हायला लागले, जणू तारेवर बोट पडत नसून दुसरंच काहीतरी पडतंय. त्या बंद खोलीत मेणाच्या वासाखालून आणखी एक वास वर यायला लागला. पेट्रोलचा. आणि चिरडलेल्या गवताचा.

"मुली..." गडगड्या माईकमध्ये पुटपुटला. "हे थांबव."

"केव्हाच थांबवलंय, काका..." ती काचेमागून म्हणाली. "कॉम्प्युटर बंद आहे... तुम्ही हेडफोन काढा... काढा ना..."

त्याने काढले नाहीत. कारण तेवढ्यात कानाच्या अगदी आत, दमलेल्या श्वासाबरोबर, कुणीतरी म्हणालं, "दादा..."

हात चालूच होते. थांबवायची हिंमत कुणाला होती?

"दादा... ठोका दे ना रे..."

ठिणगीचाच आवाज. पण तो हसरा, शिव्या घालणारा ठिणगी नव्हे. लहानपणी ताप भरला की रात्रभर "दादा, पाणी" म्हणत पडायचा ना, तसा.

आता गडगड्याला सगळं उमगलं. गेली कित्येक वर्षं हे दोघं वाजवत बसले होते. दरीत गाडी पडली तेव्हाही, नंतरही. ठोका पडला नव्हता, मग थांबणार कसे? नियम म्हणजे नियम. आणि आपण इकडे चहा पीत, पेपर वाचत बसलो, ताटकळलेत म्हणून थट्टा करत बसलो.

काचेमागून ताईचा आवाज आला. तिने त्या मुलीच्या हातातून माईक ओढून घेतला होता.

"गडगड्या, ठोका देऊ नकोस."

"ताई, अगं, ऐकतेस ना? ते दमलेत..."

"मला माहीत आहे. मला पोटात कळतंय. दमू देत." ताई रडत नव्हती. तिचा चेहरा दगडासारखा झाला होता. "माझ्याजवळ काय आहे रे ह्यांचं? एक फोटो नीट नाही. सगळ्या फोटोंत अर्धे कापलेले, तुम्हा दोघांच्या मागे. आत्ता ते इथे आहेत, माझ्या हातांखाली आहेत... नको ना रे. थोडा वेळ. माझी शपथ आहे तुला."

"दादा..." दुसऱ्या कानात. "बोटं... राहिली नाहीत रे..."

एका कानात बहीण, एका कानात भाऊ. असा प्रसंग शत्रूवरही येऊ नये. गडगड्या वाजवत होता, मान हलवत होता, ओठ दाताखाली धरून लहान मुलासारखा रडत होता. त्यालाही नको होतं हो संपायला! ह्या सुखासाठीच तर जगला होता. पण बेसचा एक सूर आला, मग बराच वेळ दुसरा आलाच नाही, आणि नंतर कसाबसा, ओढत, घासत आला. भाऊजी आयुष्यात कधी तालाच्या मागे पडले नव्हते.

गडगड्याने उजवा हात वर उचलला, ताईकडे पाहिलं नाही, आणि झांजेवर ठोका दिला.

गिटार थांबली. बेस थांबला. झांज झणझणत राहिली, ती त्याने मुठीत धरून गप्प केली. आणि मग खरंच काही उरलं नाही. खरखरसुद्धा नाही.

बाहेर आला तेव्हा रेकॉर्डिस्ट कॉम्प्युटर पुन्हा चालू करून बघत होती. पडद्यावर गिटारच्या जागी एक सरळ रेघ होती. बेसच्या जागी दुसरी. ती पुन्हा पुन्हा बटणं दाबत होती आणि म्हणत होती, "असं कसं होईल? सकाळी तर होतं..." ताई पर्स खांद्याला लावून दारात उभी होती.

"एकदा दरीने नेलं त्यांना," ती म्हणाली. "आज तू नेलंस."

चष्म्याच्या दुकानात काही ते गेले नाहीत.

इथेच संपलं असतं तरी पुष्कळ होतं. पण त्याच आठवड्यात रेडिओवरचा तो कार्यक्रम झाला. निवेदक ठिणगीबद्दल भरभरून बोलला, खांबाबद्दल एक वाक्य बोलला, आणि नवं गाणं उरलं नव्हतं म्हणून त्याने तेच गाजलेलं गाणं लावलं, जे सगळ्या शहराला पाठ होतं. आणि रेडिओतून नुसते ड्रम ऐकू आले. ड्रम, मधे मोकळी जागा, परत ड्रम. निवेदकाने गडबडीत माफी मागितली, दुसरी प्रत लावली. तेच. गडगड्याने उठून कपाटातली जुनी कॅसेट काढली. तीही तशीच. शेजारच्या घरातून कुणीतरी ओरडलं, "काय भांडी आपटतायत का रेडिओवर?"

सकाळी तो वाद्यांच्या दुकानात गेला. एक मुलगी गिटार घेऊन बसली होती, डावा हात तारांवर, आणि चेहरा गोंधळलेला. "रोज वाजवते मी ते," ती दुकानदाराला सांगत होती. "बोटांना येत होतं हो. आत्ता काही आठवतच नाही, कुठून सुरू होतं." दुकानदाराने गुणगुणून द्यायला तोंड उघडलं आणि तो तसाच उघड्या तोंडाने उभा राहिला. त्यालाही आठवेना. गडगड्यालाही आठवेना. सख्ख्या भावाच्या हातची सुरावट, आणि मनात चाचपडलं तर तिथे नुसती मोकळी जागा. ठोका पडला म्हणजे संपलं. अर्धवट नाही, सगळं संपलं होतं.

तो घरी येऊन पलंगावर पडून राहिला. खाणंपिणं सुटलं. पण माणसाचं मन कसं असतं बघा, त्यातूनही त्याने आधार शोधलाच. निदान दोघं सुटले. बोटांना आराम पडला असेल. भाऊजी कुठेतरी पाय लांब करून बसले असतील, तो पोरगा उताणा पडून आभाळ बघत असेल. आता आपण गेलो की नवीन गाणं धरू, असं तो स्वतःला सांगायचा. जग विसरलं तर विसरू दे. आपली जागा तिथे आहे. तेवढ्या एका विचारावर तो श्वास घेत होता.

आणि एके दिवशी सकाळी ताईचा फोन आला. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच. म्हणाली, "ये," आणि ठेवला.

दार उघडंच होतं. ताईने मागच्या खोलीतलं कपाट एकटीने ओढून बाजूला केलं होतं आणि त्यामागच्या उघड्या भिंतीला तळहात टेकवून ती जमिनीवर बसली होती. केस विस्कटलेले, ओठ सुकलेले. किती वेळ बसली होती कोण जाणे.

"ताई, अगं काय हे... ऊठ."

"हात ठेव," ती म्हणाली.

"ताई..."

"ठेव म्हटलं ना."

तो शेजारी बसला. भिंतीवर हात ठेवला. थंड, ओलसर गिलावा, दुसरं काही नाही. मग तळव्याला एक बारीक कंप जाणवला. मग दुसरा. आवाज नव्हता, काडीचाही नाही. पण तो कंप हातातून कोपरात, कोपरातून पोटात उतरला आणि गडगड्याने ओळखला. भाऊजी. आणि त्याच्यावर बारीक, घाईघाईचा, तुटका... तो ठिणगी.

पहिल्यांदा त्याला आनंदच झाला. वेड्यासारखा आनंद! आणि लगेच त्याच्या जिवाचं पाणी पाणी झालं. म्हणजे ते थांबले नव्हते. सुटले नव्हते. आपल्या ठोक्याने फक्त आपले कान बंद झाले. ते दोघं तिकडे तसेच, बोटं नसलेल्या हातांनी...

"थांब," ताई कुजबुजली. "अजून आहे. खाली बघ... बेसच्याही खाली."

त्याने डोळे मिटले. तळहात आणखी दाबला. आणि त्याला कळलं की बेस एकटा चाललेला नाही. एकटा बेस असा चालतच नाही. त्याला खाली काहीतरी लागतं. होतं. जड, सावकाश, जराही न चुकणारं. त्याच्या स्वतःच्या हाताला कधी जमलं नव्हतं इतकं बिनचूक.

"ताई," त्याने हात न काढता विचारलं. "ड्रमवर कोण आहे?"

"मला वाटलं, तू सांगशील," ताई म्हणाली.

ती जागा भरली होती. तो जन्मभर जिच्याकडे निघाला होता ती एवढीशी जागा. आता मरूनही कुठे जायचं, हा विचार त्याच्या मनात आला आणि तो पुढे सरेना. दोघं बहीणभाऊ भिंतीला हात लावून तसेच बसून राहिले. बाहेर कुणाचीतरी सायकल गेली, कुठेतरी नळ वाहत होता. भिंतीतलं ते गाणं वर चढत चढत शेवटाकडे आलं. मग एक क्षण सगळं थबकलं, कुणीतरी हात वर उचलावा तसं. पलीकडे दोघांनी श्वास रोखला, तो रोखलेला श्वाससुद्धा तळहाताला कळला.

आणि जो कोणी तिथे बसला होता, त्याने ठोका दिला नाही. त्याने गाणं पुन्हा पहिल्यापासून धरलं.